पांढऱ्या कोळशाचा हिशेब

पाण्यापासून निघणाऱ्या विजेस ‘पांढरा कोळसा’ म्हणण्याची एके काळीं रीत होती. मुंबईच्या गिरणीमालकांस हें नांव गोड वाटलें असावें. कारण काळा कोळसा दूर बंगालहून आणावा लागे, आणि त्याचा धूर शहरावर पसरे तो निराळाच. सह्याद्रीवरचा पाऊस या कामीं जुंपावा, हा विचार जमशेटजी टाटांनीं धरला. परंतु तो सिद्धीस गेलेला पाहण्यापूर्वींच, १९०४ सालीं, ते निवर्तले.

पुढें १९१० सालीं कंपनी निघाली, १९११ सालीं वळवण धरणाची कोनशिला बसली, आणि १९१५ च्या फेब्रुवारींत खोपोलीचें वीजघर सुरू झालें. या योजनेंतील खरें शहाणपण, माझ्या मतें, यंत्रांत नसून तळ्यांत आहे. पाऊस चार महिन्यांचा, गिरणी बारा महिन्यांची! तेव्हां लोणावळ्याच्या माथ्यावर पाणी सांठवावयाचें व नळांतून पांचशें मीटरांहून अधिक खालीं सोडावयाचें, असा वर्षभराचा हिशेब आधींच बसविलेला होता.

एक रकाना तेवढा कोरा राहिला. मुळशीस धरण बांधण्याचें ठरलें, तेव्हां मुळा खोऱ्यांतील मावळ्यांचीं भातखाचरें बुडणार होतीं. पैसा देऊं, असें कंपनी म्हणे. पण पिढ्यान् पिढ्या कसलेल्या खाचराची किंमत रुपयांत कशी करावयाची? ‘जान किंवा जमीन’ म्हणत ते एप्रिल १९२१ मध्यें सत्याग्रहास बसले. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापति’ झाले ते याच लढ्यांत. तीन वर्षांनीं लढा मोडला, आणि १९२७ सालीं मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याचें वीजघर चालूं लागलें.

आतां हिंदुस्थानानें २०७० पर्यंतचा बेत आंखला आहे. २०२१ सालीं ग्लासगो येथें तो जाहीर झाला. यापुढें मुख्य भिस्त सूर्यावर व वाऱ्यावर. सूर्य रात्रीं नसतो, म्हणजे सांठवणीचा प्रश्न पुन्हां आलाच. भिऱ्यास १५० मेगावॉटचें एक यंत्र असें आहे कीं, तें वीज नको असेल तेव्हां पाणी उलट वर चढवितें व हवी असेल तेव्हां खालीं सोडतें.

आणि जमीन? कर्नाटकांत पावगड येथें सुमारें १३,००० एकरांवर सौर पट्टे मांडले आहेत. ती जमीन शेतकऱ्यांकडून विकत न घेतां भाडेपट्ट्यानें घेतली. मालकी त्यांचीच राहिली, दरसाल भाडें मिळतें. मुळशीच्या मानानें ही मोठीच सुधारणा होय. परंतु त्या शेतांवर खुरपणी-कापणी करून पोट भरणाऱ्या भूमिहीनांच्या नांवें पट्टाच नाहीं. आणि पट्टा नाहीं त्यास भाडेंहि नाहीं.