सुभेदारी ते सभागृह : झाशीच्या कारभाराची वाटचाल

२ जुलै १८५७ रोजी सागर-नर्मदा प्रांताचे कमिशनर अर्स्किन यांनी राणी लक्ष्मीबाईंना पत्र धाडले. नवा इंग्रज अधिकारी फौजेसह येऊन पोहोचेपर्यंत सरकारच्या वतीने जिल्ह्याचा कारभार तुम्ही पाहावा, महसूल जमा करावा, पोलीस ठेवावेत, असा त्याचा आशय होता. तीन वर्षांपूर्वी याच सरकारने याच बाईंकडून हाच कारभार काढून घेतला होता. झाशी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर घोडा, तलवार आणि पाठीशी बांधलेले मूल येते. ते यावेच. पण त्या झाशीत एक कचेरीही होती. तिथे शंभराहून अधिक वर्षे मराठी माणसे राज्य चालवत होती, आणि तिची गोष्ट आपण फारशी सांगत नाही.

किल्ला ओरछ्याच्या वीरसिंहदेवांनी १६१३ साली बांधला. मराठे तिथे आले ते बुंदेल्यांचे राजे छत्रसाल यांच्यामुळे. १७२९ मध्ये पेशवे बाजीरावांनी मोगल सरदार बंगशाच्या वेढ्यातून त्यांना सोडवले, आणि १७३१ मध्ये छत्रसाल गेल्यावर बुंदेलखंडाचा सुमारे तिसरा हिस्सा पेशव्यांकडे आला. १७४२ पासून नारो शंकर सुभेदार झाले. किल्ला वाढवला, खाली पेठा वसवल्या. झाशीला शहर केले ते त्यांनी. १७५७ मध्ये त्यांना पुण्याला परत बोलावले, मग काही वर्षे सुभेदार येत-जात राहिले. १७७० च्या सुमारास रघुनाथराव हरी नेवाळकर आले आणि सुभेदारी एका घरात स्थिरावली. नेवाळकर मूळचे रत्नागिरीकडचे, एक शाखा खानदेशात पारोळ्याला. महालक्ष्मीचे देऊळ रघुनाथरावांच्या काळातले.

इथे एक बारकावा आहे आणि पुढचा सगळा कज्जा त्यावरच उभा राहिला. सुभेदार हा पेशव्यांचा अधिकारी, नेमलेला आणि काढता येणारा. पण पुणे लांब होते. रघुनाथरावांनंतर भाऊ शिवरावांनी कारभार घेतला, तेव्हा सुभेदारी व्यवहारात वंशपरंपरागतच झाली होती. १८०४ मध्ये शिवरावांनी ईस्ट इंडिया कंपनीशी करार केला. १८१७ च्या जूनमध्ये पेशव्यांनी पुण्याच्या तहाने बुंदेलखंडावरचे हक्क कंपनीला दिले. त्याच नोव्हेंबरात कंपनीने शिवरावांचे नातू रामचंद्रराव यांच्याशी तह केला आणि झाशीचा मुलूख त्यांच्याकडे, त्यांच्या वारसांकडे आणि उत्तराधिकाऱ्यांकडे कायम चालेल असे लिहून दिले. १८३२ मध्ये गव्हर्नर जनरल बेंटिंक झाशीला आले, तेव्हा रामचंद्ररावांना महाराजाधिराज ही पदवी मिळाली.

१८३५ मध्ये रामचंद्रराव निपुत्रिक वारले. काका रघुनाथराव गादीवर आले, आणि ती तीन वर्षे झाशीला फार वाईट गेली. महसूल कोसळला, कर्ज वाढले. १८३८ नंतर कंपनीने कारभार आपल्या अधिकाऱ्यांच्या हाती घेतला. पुढे लक्ष्मीबाईंचे पती झालेले गंगाधरराव वारस ठरले, पण अधिकार त्यांना चार-पाच वर्षांनी मिळाले. त्यासाठीही किंमत मोजावी लागली. बुंदेलखंड लीजन या फौजेच्या खर्चासाठी सव्वादोन लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा लागला. गंगाधररावांची आठवण नाटकवेडे म्हणून सांगितली जाते. त्यांनी राज्याची घडी पुन्हा बसवली, हेही सांगायला हवे.

२१ नोव्हेंबर १८५३ रोजी ते वारले. आदल्या दिवशी पारोळ्याच्या नेवाळकर शाखेतला मुलगा दत्तक घेतला होता, तोच दामोदरराव. दत्तविधानाला इंग्रज अधिकारी हजर होते. पुढचे काही महिने ही लढाई कागदावर चालली, आणि माझ्या मते राणीच्या राजकीय बुद्धीची ओळख या कागदांतून जितकी होते तितकी दुसरीकडे होत नाही. त्यांच्या खलित्यांत आक्रोश नाही, मुद्दे आहेत. तहात वारसांसोबत उत्तराधिकारी असे वेगळे म्हटले आहे, तर त्यात दत्तक पुत्र येतोच. शेजारच्या ओरछा-दतियात दत्तक मान्य झाले, मग झाशीत का नाही? पोलिटिकल असिस्टंट एलिस यांनाही ओरछ्याला एक न्याय आणि झाशीला दुसरा, हे पटले नव्हते आणि त्यांनी तसे वर कळवले.

गव्हर्नर जनरल डलहौसींनी २७ फेब्रुवारी १८५४ च्या टिपणात निकाल दिला. झाशी हे स्वतंत्र राज्य नव्हे, पेशव्यांच्या अधिकाऱ्याची ती जागा होती. पेशव्यांचे हक्क आमच्याकडे आले, तेव्हा ही जागा आमच्या मर्जीवर. स्वतः केलेला तह आणि स्वतः दिलेली पदवी बाजूला सारून कंपनी १८१७ च्या मागे गेली. या युक्तिवादात मला न्याय दिसत नाही, फक्त सोय दिसते. मार्चमध्ये राज्य खालसा झाले. राणींनी जॉन लँग या वकिलाला बोलावले, लंडनपर्यंत अर्ज केले, उपयोग झाला नाही. महिना पाच हजारांची पेन्शन ठरली, तीतून नवऱ्याचे कर्ज कापण्याची भाषा सुरू झाली. दामोदररावांच्या मुंजीसाठी त्याच्याच ठेवीतले एक लाख रुपये काढायचे, तर त्यालाही जामीन द्यावे लागले.

१८५७ च्या जूनमध्ये छावणीतले शिपाई उठले आणि ८ जूनला जोखनबागेत इंग्रज स्त्री-पुरुष-मुलांची कत्तल झाली. शिपाई दिल्लीकडे निघून गेले आणि कारभार राणींच्या हाती आला. वरसईचे विष्णुभट गोडसे त्यांच्या या कारभाराच्या काळात झाशीत राहिले होते. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ते सांगतात, बाई दुपारी कचेरीत येत, कधी पुरुषी पोशाखात, पडद्याआडच्या दालनात बसत. दिवाण लक्ष्मणराव आणि कारकून बाहेर. मजकूर ऐकून ताबडतोब हुकूम सांगत, प्रसंगी स्वतः लिहीत. बरवासागरकडे दरोडेखोर माजले, तेव्हा जातीने तिथे जाऊन बसल्या. करेरा किल्ला घेऊन राजा म्हणवणाऱ्या सदाशिवराव नेवाळकराला पकडले, ओरछ्याच्या नत्थेखानाचा वेढा परतवला. जेमतेम दहा महिन्यांचे हे राज्य होते. मार्च १८५८ मध्ये इंग्रज सेनापती सर ह्यू रोजचा वेढा पडला, एप्रिलच्या सुरुवातीला शहर पडले. गोडसे भटजींनी लूट आणि कत्तल पाहिली. राजवाड्यातला ग्रंथसंग्रह उद्ध्वस्त झाल्याचे त्यांनी फार कळवळून लिहिले आहे.

त्यानंतर शहराची फाळणीच झाली म्हणायची. १८६१ मध्ये शहर आणि किल्ला ग्वाल्हेरच्या शिंद्यांना दिला. इंग्रजांनी भिंतीबाहेर झाशी नौआबाद नावाने आपले ठाणे वसवले. कोर्ट-कलेक्टर एकीकडे, जुन्या पेठा दुसऱ्याच्या राज्यात. १८८६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत करून इंग्रजांनी झाशी घेतली, तेव्हा ही तऱ्हा संपली. खेड्यांचे हाल मात्र संपले नव्हते. कांस गवताने माजलेली जमीन, १८६८-६९ चा दुष्काळ, रोख आणि ठरीव सारा, त्यामुळे जमीनदार सावकारांच्या हाती गेले. १८८२ मध्ये झाशीसाठी कर्जबाजारी इस्टेटींचा वेगळा कायदा करावा लागला आणि १९०३ मध्ये बुंदेलखंडात जमीन हस्तांतरणावर बंधने आली. नेमलेल्या नोकरशाहीला रयत कळायला एवढी वर्षे लागली.

रेल्वे आली, कारखाना आला, वकिलांचा नवा वर्ग तयार झाला. त्यात दक्षिणी, म्हणजे मराठी, घराण्यांतली मुलेही होती. १८९१ मध्ये झाशीत जन्मलेले रघुनाथ विनायक धुळेकर वकील झाले, वर्तमानपत्रे चालवली, तुरुंगात गेले आणि संयुक्त प्रांतातून घटना समितीवर निवडून आले. १० डिसेंबर १९४६ रोजी, समितीच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांनी हिंदुस्थानीत बोलायचा हट्ट धरला आणि ती भाषा न येणाऱ्यांना या देशात राहण्याचा हक्क नाही असेही म्हणाले. हे बोलणे अन्यायाचे होते. घरी मराठी असलेल्या माणसाने तरी दुसऱ्यांच्या मातृभाषेचा विचार करायला हवा होता. पण नियम कोणत्या भाषेत लिहायचे हे ठरवण्याच्या जागी झाशीचा माणूस निवडून येऊन उभा होता, आणि तो अधिकार त्याला कुठल्या गव्हर्नर जनरलने टिपण लिहून दिलेला नव्हता.

धुळेकर पुढे लोकसभेत गेले आणि १९५८ ते १९६४ या काळात उत्तर प्रदेश विधान परिषदेचे सभापती होते. झाशीचेच आत्माराम गोविंद खेर आधी प्रांताचे स्थानिक स्वराज्य खात्याचे मंत्री, आणि १९५२ ते १९६२ विधानसभेचे अध्यक्ष. म्हणजे १९५८ ते १९६२ ही जवळजवळ चार वर्षे लोकसंख्येने देशातल्या सर्वांत मोठ्या राज्याच्या दोन्ही सभागृहांचे कामकाज झाशीची दोन मराठी माणसे चालवत होती.