उतारावर एका ब्रेकचा भरवसा

उतारावर गाडी उभी करताना हँडब्रेक ओढायचा, गिअर टाकायचा आणि वर चाकामागे दगड लावायचा, ही घाटरस्त्यांवरची जुनी रीत. ट्रकवाल्यांनी ती अजून सोडलेली नाही. चढावर गाडी बंद पडली की क्लीनर उडी मारून उतरतो तो आधी दगड शोधायला. कारवाल्यांना मात्र या रीतीचा संकोच वाटू लागला आहे. चाकाखाली दगड दिसला की गाडी जुनाट आहे, हँडब्रेक गेलेला आहे, असा अर्थ लावला जातो. हा अर्थ चुकीचा आहे, असे माझे ठाम मत आहे. उभ्या गाडीला उतारावर धरून ठेवण्याचा रेल्वेपासूनचा इतिहास पाहिला, तर ज्यांनी ब्रेकच्या जोडीला दुसरा अडसर ठेवला त्यांनी शहाणपण केले आणि ज्यांनी एकाच ब्रेकवर सगळा भार टाकला त्यांनी माणसे गमावली, हेच पुन्हा पुन्हा दिसते.

बोरघाटाचेच उदाहरण घ्या. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८६३ साली हा घाट गाडीसाठी खुला केला, तेव्हा त्याचा सर्वांत तीव्र उतार ३७ फुटांना १ फूट असा होता. कागदावर हा आकडा किरकोळ वाटतो. पण अशा उतारावर उभ्या असलेल्या प्रत्येक टनाला सुमारे २७ किलोचा जोर अखंड खाली ओढत असतो, आणि ब्रेक थकला तरी हा जोर थकत नाही. त्यामुळे घाटात ब्रेकवरच्या विश्वासाला रुळांचीही जोड दिली गेली. उतारात मध्येच चढाकडे वळणाऱ्या आडमार्गिका बांधल्या, ज्यांना रेल्वेत कॅच सायडिंग म्हणतात. सांधा नेहमी या आडमार्गिकेकडेच लावलेला असतो. उतरणाऱ्या गाडीने तिथे येऊन पूर्ण थांबायचे, आपण ताब्यात आहोत हे दाखवायचे, मगच मुख्य मार्ग मिळायचा. जी थांबू शकली नाही ती आपोआप चढावर जाऊन वेग गमावते. ब्रेक चांगला आहे की वाईट, याची चर्चा इथे होतच नाही. तो निकामी होईल असे धरूनच ही रचना केलेली आहे.

हा सावधपणा नसेल तर काय होते, ते १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधल्या आर्मा गावाजवळ दिसले. रविवारी भरणाऱ्या चर्चच्या शाळेची (संडे स्कूलची) मुले आणि त्यांचे पालक समुद्रकिनारी सहलीला निघाले होते. पंधरा डब्यांची गाडी, नऊशेहून अधिक प्रवासी, आणि गावाबाहेर पडताच ७५ फुटांना १ फूट असा चढ. माथा थोडक्यात राहिला असताना इंजिन दमले आणि गाडी थांबली. मागून नेहमीची गाडी येणार होती. तेव्हा गाडीचे दोन तुकडे करायचे, पुढचे डबे आधी वर नेऊन ठेवायचे आणि मग मागचे न्यायचे, असे ठरले. गाडीला व्हॅक्यूम ब्रेक होता, पण तो साध्या जातीचा: इंजिनाने नळीतली हवा ओढली तरच लागणारा. जोडणी सुटताच मागच्या दहा डब्यांचा तो ब्रेक गेला. उरला फक्त शेवटच्या डब्यातला गार्डचा हातब्रेक. कर्मचाऱ्यांनी चाकांमागे रुळावर दगडही ठेवले. पुढचा भाग निघताना किंचित मागे आला, हिसका बसला, दगडांचा चुरा झाला आणि एका हातब्रेकला न पेलणारा भार उताराने ओढून नेला. विनातिकीट कोणी चढू नये म्हणून डब्यांची दारे कुलूपबंद केलेली होती. सुमारे दीड मैल मागे धावत गेलेले डबे मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ऐंशीच्या आसपास माणसे मेली, त्यांत मुले पुष्कळ होती.

स्वयंचलित ब्रेक तेव्हा माहीत नव्हता असे मुळीच नाही. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउसने १८७० च्या दशकातच हवेच्या ब्रेकची रचना उलटी करून ठेवली होती: नळीतला दाब टिकून असेल तोवर ब्रेक सुटलेला, नळी तुटली की आपोआप लागलेला. म्हणजे बिघाड झाला तर गाडी थांबावी, सुटू नये. ब्रिटनमधले रेल्वे निरीक्षक कंपन्यांना अशा ब्रेकची शिफारस वर्षानुवर्षे करत होते. कंपन्या खर्चाकडे बोट दाखवत होत्या. आर्मानंतर तीन महिन्यांच्या आत ब्रिटिश संसदेने कायदा केला आणि प्रवासी गाड्यांना सलग, स्वयंचलित ब्रेक सक्तीचे झाले. ज्ञान हाताशी होते. ते अमलात यायला इतके बळी जावे लागले, ही या इतिहासातली सर्वांत क्लेशदायक गोष्ट आहे.

इथे कोणी म्हणेल, आर्मात दगडही होतेच की, मग त्यांचा काय उपयोग झाला? आक्षेप रास्त आहे. पण ते दगड मुठीत मावणाऱ्या खडीच्या जातीचे, लोखंडी चाक आणि लोखंडी रूळ यांच्यात सापडलेले, आणि त्यांच्यावर दहा डब्यांचे वजन हिसक्यासकट आले. यातून दगड निरुपयोगी ठरत नाही. अडसर भाराच्या मानाने मोठा हवा, चाकाला भिडलेला हवा आणि गाडी हलण्याआधी लागलेला हवा, एवढेच ठरते. रबरी टायर खडबडीत रस्त्यावर पाचरीच्या आकाराच्या ठोकळ्याला टेकलेला असेल, तर हलण्यासाठी गाडीला आधी त्या ठोकळ्यावर चढावे लागते. घर्षण कमी होऊ शकते. ठोकळ्याची उंची रात्रीतून कमी होत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आता ब्रेक सुधारले, बटण दाबले की लागतात, मग ही जुनी रीत कशाला? याचे उत्तर कॅनडातल्या लाक-मेगांतिक गावाने दिले. ५ जुलै २०१३ च्या रात्री कच्च्या तेलाच्या ७२ टाक्यांची मालगाडी गावाच्या वरच्या अंगाला, शंभर मीटरला जेमतेम एक मीटर अशा उतारावर उभी करून ठेवली होती. चालकाने सात हातब्रेक लावले आणि ते धरतात का याची चाचणीही घेतली. पण चाचणी घेताना इंजिनांचा हवेचा ब्रेक लागलेलाच होता, त्यामुळे गाडी कोणी धरून ठेवली आहे हे कळलेच नाही. पुढे इंजिनाला आग लागली, ती विझवताना इंजिन बंद केले गेले, कॉम्प्रेसर थांबला आणि हवा हळूहळू झिरपून गेली. मध्यरात्रीनंतर गाडी निघाली आणि गावात घसरून पेटली. ४७ माणसे गेली. सव्वाशे वर्षांच्या सुधारणांनंतरही उभ्या गाडीचा प्रश्न आर्माचाच राहिला होता. हवेच्या ब्रेकचा दाब तासाभरात उतरतो, पण उतार रात्रभर तिथेच असतो.

कारचा हँडब्रेक याच घराण्यातला आहे. दांडा ओढला की केबल ताणली जाते आणि मागच्या चाकांतले लायनर ड्रमवर दाबले जातात. केबल सैल पडते, लायनर झिजतात, पावसाळ्यात गंज धरतो, आणि दांडा दर महिन्याला थोडा अधिक वर येऊ लागतो. तो दुरुस्त करून घ्यायचाच, दगड हा दुरुस्तीला पर्याय नाही. मात्र चांगला हँडब्रेकही एकटा सोडायचा नाही. पाय ब्रेकवर ठेवून हँडब्रेक ओढावा आणि मग न्यूट्रलमध्येच पाय हळूच उचलून गाडीचा भार त्यावर येऊ द्यावा. पाय न उचलता घेतलेली परीक्षा लाक-मेगांतिकच्या चाचणीइतकीच फसवी असते. गाडी धरली की गिअर टाकावा: तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. सॅन फ्रान्सिस्को शहरात तीन टक्क्यांहून अधिक उतारावर पुढची चाके फूटपाथच्या कडेला टेकतील अशी वळवून ठेवणे नियमानेच बंधनकारक आहे. आपल्या घाटांत अशी कड क्वचितच मिळते. तिथे स्टिअरिंग डोंगराच्या बाजूला वळवून ठेवावे, म्हणजे गाडी पुढे सुटो वा मागे, ती दरीकडे जाणार नाही.

रस्त्यात सोडून दिलेले दगड मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा जीव घेऊ शकतात, ही तक्रार मात्र पूर्ण खरी आहे. म्हणून लाकडी किंवा रबरी पाचर डिकीत ठेवावी आणि निघताना आठवणीने उचलावी. आपल्या मोटार वाहन कायद्यातले १२६ वे कलमही हेच सुचवते: चालक जागेवर नसताना गाडी चुकूनही हलणार नाही अशी तजवीज त्याने करायची आहे, मग ती ब्रेकने होवो वा अन्य उपायाने. कायद्याला दांडा ओढल्याशी कर्तव्य नाही, गाडी जागची न हलण्याशी आहे. ही जबाबदारी मनापासून घेणारा माणूस ब्रेक लावेल, गिअर टाकेल आणि पाचरही लावेल. बोरघाटातल्या अभियंत्यांनी ब्रेक निकामी होईल असे धरून रूळ टाकले, यात त्यांची अब्रू गेली नाही. चाकामागे पाचर लावणाऱ्या कारवाल्याचीही जाणार नाही.