मुंबई–लंडन : हवाई अंतर व उड्डाणकाल

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो विमानतळ यांमधील सर्वांत जवळचे हवाई अंतर सुमारे ७,२०० किमी. (सु. ३,९०० नॉटिकल मैल) आहे. थेट विमानाला मुंबईहून लंडनला जाताना साधारणपणे साडेनऊ ते साडेदहा तास, तर परतताना साडेआठ ते साडेनऊ तास लागतात.

मार्ग : हे अंतर बृहद्वृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या गोलावरील दोन स्थळांना जोडणाऱ्या लघुतम वक्रावर मोजतात. हा वक्र मुंबईहून वायव्येस निघून पाकिस्तान, इराण, काळा समुद्र व युक्रेन या प्रदेशांवरून जातो. त्याचा मध्यबिंदू जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीजवळ येतो. प्रत्यक्ष उड्डाण मात्र खुल्या असलेल्या हवाई हद्दींतूनच होते. युक्रेनची हद्द फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद झाली, तर पाकिस्तानने एप्रिल २०२५ मध्ये आपली हद्द भारतीय विमानांना बंद केली. असा वळसा पडला की प्रवास लांबतो, इंधन अधिक लागते आणि तेवढे वजन प्रवासी किंवा मालातून कमी करावे लागू शकते.

वाऱ्याचा परिणाम : ताशी ९०० किमी. वेगाने, वारा नसताना, हे अंतर आठ तासांत कापता येईल. परंतु सुमारे ९ ते १२ किमी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतात व हिवाळ्यात ते अधिक जोरदार असतात. लंडनला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. जाण्यायेण्याच्या वेळेतील फरक मुख्यतः यामुळे पडतो. वेळापत्रकातील कालावधीत धावपट्टीपर्यंत जाण्याचा व उतरल्यावर विमान जागेवर लावण्याचा वेळही धरलेला असतो.

इतिहास : १९३२ मध्ये जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून मुंबईला टपाल आणले, तेव्हा ब्रिटनहून कराचीपर्यंत ते इंपीरियल एअरवेजच्या विमानसेवेने येत असे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलच्या ‘मलबार प्रिन्सेस’ या लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमानाने मुंबई–लंडन सेवा सुरू केली. ते कैरो व जिनीव्हा येथे थांबत गेले. १९६० मध्ये बोइंग ७०७ हे जेट विमान आले आणि प्रवासाचा काळ बराच घटला.

स्थानिक वेळ : भारतीय प्रमाणवेळ लंडनच्या पुढे हिवाळ्यात साडेपाच तास आणि मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर साडेचार तास असते. हिवाळ्यात मुंबईहून दुपारी २ वाजता निघून दहा तासांनी पोहोचणारे विमान लंडनच्या घड्याळानुसार संध्याकाळी ६.३० वाजता उतरते. उलट, लंडनहून रात्री ९ वाजता निघालेले विमान नऊ तासांनी मुंबईत सकाळी ११.३० वाजता पोहोचते. तिकिटावरील वेळांची नुसती वजाबाकी केल्यास जाण्याचा प्रवास साडेचार, तर येण्याचा साडेचौदा तासांचा वाटतो. म्हणून आधी दोन्ही वेळा एकाच प्रमाणवेळेत मांडून मगच उड्डाणकाल काढावा.