वॉल्टनचा किडा

आयझॅक वॉल्टनचा 'द कम्प्लीट अँगलर' (१६५३) हा ग्रंथ आम्ही सतराव्या शतकातील निवांत इंग्रजी गद्याचा नमुना म्हणून वाचत आणि शिकवत आलो. त्यात कॅडिस नावाच्या किड्याचा उल्लेख येतो. वाळूचे कण, काटक्या जोडून स्वतःभोवती घर बांधणारी ही ओढ्यातली अळी वॉल्टनच्या लेखी गळाला लावायचे उत्तम आमिष होती.

१९२२ साली शिकागोत मासेमारीची हौस असलेल्या मंडळींनी, पाणी नासत चाललेले पाहून, वॉल्टनच्याच नावाने संघ स्थापन केला. १९६९ मध्ये मेरीलँड राज्यात या संघाचा 'सेव्ह अवर स्ट्रीम्स' हा उपक्रम सुरू झाला. त्याचे स्वयंसेवक प्रवाहात जाळी धरून दगड घासतात आणि जाळीत आलेले किडे ओळखून मोजतात. बाटलीतला नमुना त्या क्षणापुरते सांगतो. कॅडिसच्या अळ्या मात्र महिनोन्‌महिने त्याच पाण्यात वाढतात आणि त्यांच्या अनेक जातींना प्रदूषण सोसत नाही. त्या नाहीशा झाल्या, तर मधल्या काळात काही विपरीत घडले असावे, अशी शंका घेता येते.

नदी बिघडली हे सांगायला पदवी लागत नाही. पाहण्याची शिस्त मात्र लागते. ती वॉल्टनपाशी होती. त्याचे आमिष तीन शतकांनी साक्षीदार ठरले, ही कथाही वर्गात सांगितली जावी, असे आम्हांस वाटते.