बखर बिम्मची

मराठी कथाकार जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांचे मुलांसाठीचे पुस्तक. प्रकाशन १९८६. बिम्म हा लहान मुलगा, त्याची बहीण बब्बी आणि बिम्मशी गप्पा मारणारे पशुपक्षी यांचे हे आनंदी विश्व आहे. कथानकापेक्षा बिम्मचे प्रश्न, त्याचे तर्क आणि खेळकर संवाद यांवर पुस्तकाची उभारणी आहे.

जी. ए. धारवाड येथे इंग्रजीचे प्राध्यापक होते. सभा-समारंभ व प्रसिद्धी त्यांनी कटाक्षाने टाळली; वाचकांशी व स्नेह्यांशी त्यांचा संबंध मुख्यतः पत्रांतून राहिला. काजळमाया या संग्रहाला मिळालेला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांनी परत केला.

जी. एं.च्या कथांत नियती, दुःख व मृत्यू यांचे सावट असते. त्या पार्श्वभूमीवर बिम्मची निरागसता विशेष उठून दिसते. मुग्धाची रंगीत गोष्ट हे त्यांचे दुसरे बालपुस्तक. बालमनाचा मान राखणाऱ्या मराठी पुस्तकांत बखर बिम्मचीचे स्थान वरचे आहे.