पाटीवरचं १९२३, ताटातलं १९८२

मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमधल्या ‘ब्रिटानिया अँड कंपनी’ या इराणी हॉटेलाबद्दल जे छापून येतं, त्याचा मोठा भाग एकाच माणसाच्या तोंडचा आहे: बोमन कोहिनूर. २५ सप्टेंबर २०१९ रोजी ते गेले. बातम्यांत वय ९७ दिलं आहे, म्हणजे जन्म १९२२च्या आसपासचा. वडील रशीद यांनी हॉटेल काढलं १९२३ साली. तेव्हा बोमन फार तर रांगत असतील. स्थापनेची हकीकत त्यांनी कितीही रंगवून सांगितली, तरी साक्षीदार म्हणून ती ऐकीवच.

हकीकत अशी, की गोऱ्या अधिकाऱ्याकडून परवाना लवकर सुटावा म्हणून नाव ‘ब्रिटानिया’ ठेवलं. एवढ्यावर कुणी इतिहास लिहू नये. पण जागेचे कागद या हकीकतीच्या बाजूने बोलतात. बॅलार्ड इस्टेट ही पोर्ट ट्रस्टने समुद्रात भराव घालून १९१४ ते १९१८ या काळात वसवलेली सुमारे २२ एकरांची पेठ, आराखडा जॉर्ज विटेटचा. समोर कस्टम हाऊस, आजूबाजूला जहाज कंपन्यांच्या कचेऱ्या. गिऱ्हाईक म्हणजे साहेब नाहीतर कारकून. दुपारी जेवणार, संध्याकाळी घरी जाणार. हॉटेल वर्षानुवर्षं मुख्यतः दुपारच्या जेवणावर का चाललं, ते या नकाशातच दिसतं.

दुसऱ्या महायुद्धात लष्कराने जागा ताब्यात घेतली, असंही बोमन सांगत. इथे मात्र त्यांचा शब्द वजनदार, कारण ते तेव्हा ऐन विशीत होते. ते गिऱ्हाइकांना कौतुकाने इंग्लंडच्या राणीचं पत्रही दाखवत. त्या पत्राने त्यांचा पत्रव्यवहार सिद्ध होतो, हॉटेलचं वय नाही.

आता ताटाकडे. बेरी पुलाव. भातावर तळलेला कांदा, काजू आणि बारीक लालभडक आंबट फळं. फारसीत त्यांना झरेश्क म्हणतात. लोक समजतात, हा पदार्थ १९२३पासूनचा. पण सुरुवातीला इथे साहेबाच्या जिभेला झेपेल असं सौम्य जेवण मिळे. पुलाव आला १९८२मध्ये, बोमन यांच्या पत्नी बचन इराणहून परतल्यावर. तिकडच्या पुलावाला त्यांनी आपला मसाला लावला. पाटी आणि पुलाव यांच्यात ५९ वर्षांचं अंतर आहे, आणि माझ्या मते या घराण्याचं खरं कर्तृत्व त्या पुलावातच आहे.

परमुलखात गेलेल्यांच्या हॉटेलांचं असं सगळीकडेच होतं. न्यूयॉर्कचं ‘लोंबार्डीज’ हे इटालियन पिझ्झाचं दुकान १९०५ हे साल मिरवतं. संशोधक पीटर रेगस यांनी जुन्या जाहिराती आणि स्थलांतराचे कागद चाळून २०१९मध्ये दाखवलं, की त्या जागी आधीच फिलिपो मिलोने नावाच्या माणसाचा पिझ्झा भाजला जात होता.

आपल्याकडे विदर्भात, चामोर्शीत, मूलला, ब्रह्मपुरीत ज्यांचं हॉटेल दोन-तीन पिढ्यांचं आहे, त्यांना एक विनंती. उधारीच्या वह्या, परवाने, भाडेपावत्या रद्दीत घालू नका. सरकारी कागद शोधायचे तर हेही ध्यानात ठेवा: १९५६पर्यंत हा मुलूख मध्य प्रदेशात होता, आणि २६ ऑगस्ट १९८२पर्यंत चामोर्शी चंद्रपूर जिल्ह्यात.