फुप्फुसातील वायूंची देवाणघेवाण

पावसाळा सुरू झाला की शहापूर-मुरबाडच्या भातपट्ट्यात सर्पदंश व विंचूदंश हे नित्याचे संकट ठरते. मण्यार आणि लाल विंचू हे दोघेही अखेर श्वासावरच घाला घालतात, मात्र त्यांच्या वाटा भिन्न आहेत. त्या समजण्यासाठी फुप्फुसाचे कार्य पाहावे लागते.

श्वासनलिकेच्या शाखा-उपशाखा शेवटी वायुकोशांत संपतात. प्रौढ माणसात असे ३० ते ५० कोटी वायुकोश असतात आणि त्यांचा एकत्रित पृष्ठभाग सुमारे ७० चौरस मीटर भरतो. त्यांभोवती केशवाहिन्यांचे जाळे असते. हवा व रक्त यांमधील पडदा जेमतेम अर्धा मायक्रॉन जाडीचा. वायुकोशात प्राणवायूचा आंशिक दाब पाऱ्याच्या सुमारे १०० मिलिमीटर, तर शरीरातून परतलेल्या रक्तात ४० असतो. या फरकामुळेच प्राणवायू रक्तात शिरतो व हिमोग्लोबिनशी जोडला जातो. कार्बन डायऑक्साइडच्या दाबातील फरक अवघा पाचाचा. तरी हा वायू पडद्यातून सुमारे वीसपट सहजतेने जात असल्याने तेवढा पुरतो. या देवाणघेवाणीस शरीराला ऊर्जा खर्चावी लागत नाही. ऊर्जा लागते ती हवा आत-बाहेर करणाऱ्या स्नायूंना, विशेषतः श्वासपटलाला.

मण्यारीचे विष नेमका तेथेच आघात करते. मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारा संदेश तुटतो व श्वासपटल थांबते. वायुकोश निरोगी असूनही ताजी हवा येत नाही, त्यामुळे दाबातील फरक नाहीसा होतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री होणारा हा दंश बहुधा वेदनारहित असतो. खूणही अनेकदा दिसत नाही. पोटदुखी, जड झालेल्या पापण्या, गिळताना होणारा त्रास ही त्याची लक्षणे. प्रतिविषासोबत कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा लागतो, तोही मज्जातंतूंची टोके सावरेपर्यंत, कधी कधी काही दिवस. मांत्रिकाकडे गेलेला वेळ येथे थेट प्राणवायूच्या हिशेबातून वजा होतो.

लाल विंचवाच्या विषाने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयावर ताण येतो आणि वायुकोशांत पाणी साचते. स्नायू चालू असतात, हवाही आत येते. पण ती रक्तापर्यंत पोहोचत नाही. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर (पद्मश्री, २०२२) यांनी १९८० च्या दशकात यावर प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध वापरात आणले. त्याने रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयावरील भार उतरतो आणि फुप्फुसात पाणी साचण्याची प्रक्रिया रोखली जाते.